हात न लावता

गुरुवार, सापगाव

आज दवाखान्यात गर्भ माझ्या पोटात सोडला. माझा!

आधी डॉक्टरीणबाईंनी तो पडद्यावर दाखवला. गर्भ ठेवतात त्या पेटीतच कॅमेरा आहे. पाच दिवस कुणी बाहेर काढला नाही, हात लावला नाही. कसा वाढतो ते नुसतं बघून सगळ्यांत हाच निवडला. एकाचे दोन, दोनाचे चार... मी रडले की हसले, कोण जाणे. फोटोही काढू दिला. मागच्या दोन खेपा फुकट गेल्या, तेव्हा हे असं काही नव्हतं.

सासूबाईंना कसं समजवावं, या विचारात मी घरी आले. पेटीचं, हात न लावण्याचं जेमतेम सांगितलं, तर त्याच म्हणाल्या, “त्यात काय गो? खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांना सारखा हात नाय लावायचा, तसंच ना?” परवा मी अंडी उचलून बघितली, तर केवढ्या ओरडल्या होत्या!

टिकेल ना? नको, आज तो प्रश्न नको.

संध्याकाळी तिसऱ्यांदा म्हणाल्या, “फोटो दाखव गो.” मी मोबाइल पुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“तूच धर. मी हात नाय लावत.”