यांचा चमचा

४ मार्च, मंगळवार

दुपारी चार वाजता, हे पोहे खात असताना, कंपनीचा माणूस चमचा परत मागायला आला. थरथरत्या हातांसाठी विद्यापीठाने बनवलेला, चाचणीसाठी यांना दिलेला चमचा. आता म्हणे विद्यापीठाने ते तंत्रज्ञान या कंपनीला विकलं, म्हणून चमचाही कंपनीचा.

"बाजारात येईपर्यंत थांबा, मॅडम."

"मग यांच्या हातालाही थांबायला सांगा!"

गेला, पण शनिवारी पुन्हा येणार आहे. हे म्हणाले, "देऊन टाक. तू भरव."

भरवेन की. पण पूर्वी मी भरवायचे तेव्हा हे भिंतीकडे बघत आणि दोन घासांत पुरे म्हणत. चमचा गेला तर पुन्हा तेच?

चमचा बनवणाऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आत्ताच कळवलं: नवा मिळेपर्यंत हा चमचा यांच्याकडेच राहील, असं शुक्रवारी पाचच्या आत लेखी द्या.