‘दुधाचा पेला’, भाग दुसरा

सीवूड्स, नवी मुंबई
१४ डिसेंबर २०२५

ती. भागीरथी वन्सं यांना सुनीतीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? साताऱ्याला थंडी चांगलीच पडली असेल. इथे आपली पंखा बंद करण्यापुरती. आमचा निखिल बंगळूरला मजेत आहे. दिवाळीत आला होता, तेव्हा आमच्या टीव्हीला इंटरनेट जोडून गेला. त्यावर यांना त्यांची जुनी मालिका सापडली, ‘हेर सबनीस’. आठवते ना? अख्खी आळी तुमच्या माजघरात जमायची आणि तुम्ही चिवड्याचा डबा लपवून ठेवायचात.

खरं तर हे फोनवर बोलता आलं असतं. पण तुम्ही हल्ली माझा फोन घेत नाही. शिवाय मी फोन हातात घेतला की हे शेजारी येऊन उभे राहतात. म्हणून पत्र.

त्या मालिकेतला ‘दुधाचा पेला’ नावाचा भाग यांनी एकदा पाहिला आणि मग रोज दुपारी तोच. पेढीचा मालक खंगत चाललाय. बायको रोज त्याला दूध देते. सबनीस दारामागून बघतात. पेला खाली ठेवताना तिचा हात थरथरतो. तिथे पहिला भाग संपतो. संपला की हे टीव्ही बंद करायचे आणि माझ्याकडे बघायचे.

मी आधी हसण्यावारी नेलं. मग एके सकाळी चहा दिला तर म्हणाले, “आधी तू पी.”

“अहो, माझा झाला.”

“तरी पी. माझ्यासमोर.”

वन्सं, चाळीसच्या वर वर्षं या माणसाने माझ्या हातचं निमूट खाल्लं. भाजीत मीठ नसलं तरी बोलले नाहीत. आणि आता पोळी उजेडात धरून बघायला लागले. आमटी बेसिनमध्ये ओतायला लागले. बेल्ट दोन भोकं आत गेला. खालच्या दुकानातले बिस्किटाचे पुडे तेवढे खायचे, तेही स्वतः फोडून.

याच दिवसांत त्यांनी तुम्हाला फोन केला. काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, मी स्वयंपाकघरात होते. “भागे, ही मला हळूहळू संपवतेय,” असं म्हणाले. तुम्ही त्यावर काय बोललात ते मला ऐकू आलं नाही.

पण पुढच्याच रविवारी तुमचा शिवतेज आला. कळंबोलीहून इथे यायला त्याला एरवी गाड्यांच्या कामातून सवड मिळत नाही. “मामाची आठवण आली,” म्हणाला. मी उपमा केला, त्याने तो खाल्ला नाही. मी वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेले, परत आले तर तो ओट्याशी उभा. पातेल्यातलं दूध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतत होता. मी दारातूनच मागे फिरले. थोड्या वेळाने “येतो मामी” म्हणून माझ्या पाया पडून गेला. तेव्हा त्याची मान वर झाली नाही.

मी त्याला रागावले नाही. त्याला आईने सांगितलं, त्याने केलं. तुम्हालाही मी काही विचारलं नसतं. पण तेव्हापासून मी चहा करताना माझ्याच हाताकडे बघत असते, आणि तो त्या बाईसारखाच थरथरतो.

यांना मी नेरुळच्या डॉक्टरांकडे नेलं. तेही फसवून, डोळे तपासायला जातोय असं सांगून. मेंदूचा फोटो काढला. विसरण्याचा आजार आहे, वन्सं. बरा होणारा नाही. मी डॉक्टरांना दुधाचं सांगितलं. ते म्हणाले, या आजारात काही जणांचं असं होतं. जे सगळ्यात जवळचं माणूस, त्याच्यावरच पहिला संशय. समजूत घालत बसू नका. मी निखिलला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं वाटतं.

तरी मी समजूत घालायला गेलेच. त्या गोष्टीचा शेवट आपण कधी पाहिलाच नव्हता, आठवतं? ऐन वेळी वीज गेली. अंधारात हे मोठ्याने म्हणाले, “बायकोच आहे, दुसरं कोण!” आणि सगळे हसले. मीही हसले होते. मला वाटलं, खरा गुन्हेगार कळला तर यांच्या मनातलं निघून जाईल. निखिलला फोन करकरून दुसरा भाग शोधायला लावला आणि मंगळवारी दुपारी दोघं बघायला बसलो.

बायको निर्दोष निघते, वन्सं. नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायला येणारा भाचा चूर्णातून विष देत असतो.

यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बिचारीवर उगीच आळ घेतला,” म्हणाले. मग माझा हात धरून, “सुनीती, मला चहा दे गं.” मी दिला. पूर्ण प्यायले. त्या दिवशी वरणभात जेवले, परत वाढून घेतला. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

शुक्रवारी शिवतेज पुन्हा आला. यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि कडी दाबून धरली. “उघडायचं नाही. भाचा आहे. तोच करतो.”

बाहेरून शिवतेज हाका मारतोय, “मामा, मी शिवतेज!” आणि मी तशीच उभी. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आळ माझ्यावरून उतरला होता. दार बंद राहिलं असतं तर यांचं माझ्या हातचं जेवणखाण सुरळीत चाललं असतं, आणि बाटली भरणारा परत गेला असता. पण याच मामाच्या खांद्यावर बसून त्या पोराने साताऱ्याची जत्रा पाहिलीय. मी यांचा हात बाजूला केला आणि कडी काढली. “तो तुमचा आहे,” म्हटलं. “घरातला आहे.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्ही दोघं मिळून,” म्हणाले, आणि आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं.

शिवतेज तिथेच चपला काढायच्या जागी बसून रडला. दूध तपासून घेतलं, त्यात काही निघालं नाही, हे त्यानेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. हे तुम्हाला कळून आठवडा झाला होता म्हणे, तरी तुमचा फोन आला नाही. लाज वाटत असेल. माझी काही तक्रार नाही.

आता आम्ही एका ताटात जेवतो. पहिला घास माझा, मग त्याच पोळीचा तुकडा ते मोडतात. कधी खातात, कधी ताट सरकवतात.

तुम्ही या, वन्सं. शिवतेज गाडी घेऊन येईल. स्वयंपाक तुम्हीच करा, मी ओट्याजवळ फिरकणार नाही. मात्र मन घट्ट करून या. पहिले चार दिवस भावाला बहीण भेटल्याचा आनंद होईल. मग एखाद्या सकाळी तुम्ही प्रेमाने चहा पुढे कराल आणि ते म्हणतील, “भागे, आधी तू पी.”

तेव्हा मागे वळून बघा. मी तिथेच असेन.

तुमच्या भावाची आणि तुमचीही,
सुनीती