सामोसचा कप्तान आणि आपलं नमन

हमरिया, शारजा
फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप आप्पा,

दुरूनच पाया पडतो. तब्येत ठीक आहे, आईला सांगा.

यार्डात दुरुस्तीला आलेल्या जहाजाचा कप्तान ग्रीक आहे, सामोस बेटावरचा. शाळेतला त्रिकोणवाला पायथागोरस त्याच्याच बेटाचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारा अरिस्टार्कसही तिथलाच. मला विचारतो, तुझ्या गावात मोठं कोण?

मी शिमग्यातला आपला नमनाचा खेळ सांगितला. संकासुर नाचणारा बाबाजी, गवळण होणारा मुरलीधर. येईन बघायला, म्हणाला. म्हटलं, कोकणात कशाला जाताय, दोघेही इथेच तुमच्या जहाजाला वेल्डिंग करतायत.

तो हसला. मीही हसलो, पण मग जेवण गेलं नाही.

यंदा नमन उभं राहणार का? वाजवायला कोणी नसलं, तरी माझ्या मृदंगाला ऊन दाखवत जा.

तुमचा,
विघ्नेश