बाबांचं पार्सल पोचलं म्हणतात

११ मे २०२१
सकाळी हैदराबादहून मिलिंदचा फोन. "ताई, बाबांना कुरिअरला दिलं." मी म्हटलं, काय दिलं? तो परत तेच म्हणाला. इकडे दूध उतू गेलं.

स्वतः घेऊन येणार होता अस्थी. पण काल त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि उद्यापासून तेलंगणात लॉकडाऊन. कुरिअरवाले अस्थी घेत नाहीत म्हणून खोक्यावर 'पुस्तकं' लिहिलं म्हणे. बाबांचा जन्म तहसीलच्या दफ्तरात फायली वाहण्यात गेला. आता स्वतःच कागदपत्रं होऊन येतायत. बाबांना सांगितलं असतं तर हसले असते. मला हसू आलं आणि मग जे यायचं ते आलं.

आईला म्हटलं, बाबा निघाले. "कवा पोचतीन?" दोन-चार दिवसांत म्हटलं.

१२ मे
आई आज पहिल्यांदा पोटभर जेवली. चव लागत नाही अजून, मलाही नाही. मिरचीचा ठेचा खाल्ला तर नुसतं नाक वाहतं.

घरासमोर ग्रा.पं.ने बांबू बांधलाय. आम्ही दोघी पॉझिटिव्ह म्हणून. आशाताई लांबून गोळ्या ठेवून जाते आणि ओरडते, "मॅडम, भाईर नोका निंगू!" निघून जाऊ कुठे? शाळा बंद, बोथचा बाजार बंद, आणि हे मंचेरियलला ड्यूटीवर अडकलेले. रोज फोन करतात आणि रोज विचारतात, ऑक्सिजन किती.

१३ मे
आईने कोनाडा पुसून पांढरा रुमाल अंथरला. बुद्धपौर्णिमेपर्यंत बाबा तिथे राहणार, मग विहारामागच्या पिंपळाखाली मातीत. हे सगळं तिनेच ठरवलं. मला विचारलं नाही, बरं केलं.

"तोंड नाई पाह्यलं मी त्याइचं," म्हणाली. "डोळ्याच्या आपरेशनले गेलते, माय. डोळ्याच्या." हे वाक्य ती रोज एकदा म्हणते.

१५ मे
दुपारी मेसेज. आपलं पार्सल डिलिव्हर झालं आहे. धन्यवाद.

धावत ओट्यावर गेले. बांबू, आणि बांबूखाली आडवं पडलेलं कुत्रं. आणखी काही नाही.

गावात कुरिअर आत येतच नाही, कधीच आलं नाही. सगळ्यांची पार्सलं फाट्यावर रमेश अन्नाच्या पंक्चरच्या दुकानात उतरतात. सगळ्यांच्या सह्याही अन्नाच ठोकतो. मग फोन, "अक्का, सामान आलं." वर्षानुवर्षं असंच चाललंय, कधी सुई हरवली नाही. अन्नाला फोन लावला. "नेनु ऊर्लो लेनु, अक्का." गावातच नाही तो. लॉकडाऊन लागल्यापासून दुकानाला कुलूप, स्वारी सासुरवाडीला.

मेसेजमधली लिंक उघडली. घेणाऱ्याचं नाव: स्वतः. सहीच्या चौकटीत गांडूळ काढल्यासारखी एक रेघ. स्वतः म्हणजे मी. मी तर बांबूच्या आत.

आईला सांगितलं, उशीर होतोय.

१६ मे
कुरिअरवाल्याचा नंबर मिळाला एकदाचा. आदिलाबादचा माणूस आहे. मी चढ्या आवाजात सुरू केलं, शाळेत करते तसं.

"मॅडम, साइन नै लेरे आजकल. कोरोना है ना."
"तो फिर ये साइन किसकी है?"
"मैंइच मारा. सबका मैंइच मारता."
"और दिया किसको?"
"फाटे पे एक जना खडा था. मैं बोला शीला मॅडम का है. वो बोला हौ, रख दो. मैं शटर के पास रखा, दूर से."
"कौन था? कैसा दिखता था?"
"मुंह पे दस्ती थी, मॅडम. सब एक जैसेच दिखते अब."

मग तो खोकला, बराच वेळ. भांडणाचा सगळा दम तिथेच संपला. त्याच्यावर तरी किती ओरडू? दिवसभर कोणाकोणाच्या दारात जायचं आणि कोणाच्या हाताला हात लागू द्यायचा नाही. पण आत काय आहे ते माहीत असतं तर त्याने असं ठेवलं असतं का? आणि ते आम्हीच लपवलं.

त्याचा नंबर 'कुरिअर' नावाने सेव्ह केला.

१७ मे
आशाताई फाट्यावर पाहून आली, शटरपाशी काही नाही. दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. गावातल्याच कोणाकडे तरी खोकं आहे. नुसतं 'पुस्तकं' म्हणून शोधलं तर कोण उठून देईल? आणि खरं सांगितलं, कोरोनाने गेलेल्या माणसाची राख आहे म्हणून, तर ज्याच्या घरात असेल तो आत्ताच्या आत्ता काठीने ढकलत नाल्यात नेऊन टाकेल. परत आणून देणार नाही. आणायला हात लावावा लागतो.

मिलिंदला हे सांगितलं. तो रडायला लागला. "ताई, मले वाटलं घरपोच असते." अरे बाबा, या गावात घरपोच फक्त अफवा येते. बोलून गेले आणि वाईट वाटलं. त्याला ताप आहे, खोलीत एकटा आहे.

१९ मे
सरपंचांना फोन करून माइक फिरवला. ग्रा.पं.च्या ऑटोवर आधी तेलुगूत, मग मराठीत: मास्क लावा, सूट फक्त सकाळची, आणि शीला मॅडमच्या पुस्तकाचं खोकं कोणी नेलं असल्यास परत करावं.

संध्याकाळी समोरच्या सुमनमावशी त्यांच्या ओट्यावरून ओरडल्या. "पुस्तकंच ना वं? नोको जीवाले लावून घेऊ. कोनं चुलीत घातले असतीन. गॅस संपला हाये समद्याइचा."

मी हो म्हटलं. आत आले, दार लावलं आणि मोरीत उभी राहून तोंडात पदर कोंबला. दोनदा जाळतील का माणसाला?

२० मे
कंपनीच्या नंबरवर तक्रार केली. मुलगी गोड बोलणारी होती. "मॅम, पार्सल आपल्या सहीने स्वीकारलेलं दिसतंय." सही माझी नाही म्हटलं. "कोविडमुळे आमचा प्रतिनिधी आपल्या वतीने सही करतो, मॅम." मग मी घेतलं हे कसं ठरलं? "प्रतिनिधीने सही केली ना, मॅम." गोल गोल, घाण्याच्या बैलासारखं.

शेवटी म्हणाली, तक्रार लिहून घेते, आत काय होतं?
पुस्तकं.
"कोणती पुस्तकं, मॅम?"
मी फोन ठेवला.

२१ मे
आईला कळलं. सुमनमावशींनीच विचारलं तिला, पुस्तकं घावले का म्हणून. आई आत आली आणि माझ्यासमोर बसली.

"शिले, तुहे बाबा कुटं हायेत?"

सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कोसळेल. ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "खोटं काऊन लिवलं त्याच्यावर? चोरीचा माल व्हता का तो? उभ्या जन्मात कोनाची काडी नाई घेतली त्या मानसानं, आन् तुमी त्याले चोरून आनून राह्यले?"

मी समजावलं की खरं सांगितलं तर लोक फेकून देतील. ती म्हणाली, "फेकतीन तं फेको. पन नाव घेऊन फेकतीन."

चप्पल न घालताच बांबूपर्यंत गेली आणि गल्लीत ओरडली, खोकला येत होता तरी. "आयका वं बायानो! त्या खोक्यात पुस्तकं नाईत. माह्या मानसाचे हाडं हायेत. ज्यानं नेलं त्यानं आनून द्या. म्या हात जोडते." आणि खरोखर हात जोडून उभी राहिली, रिकाम्या गल्लीपुढे. एकेक दार बंद होत गेलं. मी मागून तिचा दंड धरला होता.

२२ मे
गल्लीतून आज कोणी गेलं नाही. बायका नळाला मागच्या वाटेने गेल्या. विहाराच्या बाजूने धूर दिसला तेव्हा ओट्यावर धावले. कोणीतरी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, एवढंच.

आई कोनाड्यासमोर बसून आहे.

२४ मे
आज बांबू काढला. आशाताई म्हणाली, झालं तुमचं. आणि जाता जाता हळूच: "मॅडम, फाट्यावर पाहून या वं जरा."

सकाळची सूट असते तेव्हा गेले. अन्नाच्या बंद शटरसमोर ढीग. पार्सलांचा. लहान, मोठी, फुटकी, चांगली. आईचं बोलणं ऐकून गावाने घरातली सगळी पार्सलं बाहेर आणून टाकली होती. दुसऱ्याचं उचललेलं असो नाहीतर स्वतःचं न उघडलेलं असो. कोणात कोणाचा बाप असेल काय सांगावं! आणि टाकण्याआधी प्रत्येकाने ब्लिचिंगचं पाणी मारलेलं. पत्ते सगळे पुसून शाई ओघळली होती, 'पुस्तकं' असं कुठेच वाचता येईना. काहींवरची चिठ्ठी मुद्दाम फाडलेली, कोणी नेलं होतं ते कळू नये म्हणून.

लांब पिंपरणीखाली लोक तोंडाला दस्त्या बांधून उभे. कोणी जवळ येईना. एक जण ओरडला, "मॅडम, तुमचं घ्या आन् बाकीचं बी न्या!" दुसऱ्याने त्याला गप्प केलं, बहुतेक. मी त्या ढिगात गुडघ्यावर बसून शोधत होते. एकातून चपलांचा पट्टा बाहेर आलेला. एकात कुकर. एक इतकं हलकं की आत हवाच. एवढ्या लोकांदेखत माझं नाक गळत होतं आणि पुसायला हात स्वच्छ नव्हता.

शेवटी अंदाजाने एक हातात घेतलं. बुटाच्या खोक्याएवढं, सगळीकडून खाकी टेप गुंडाळलेलं, कोपरे भिजलेले. वजन होतं. हलवून पाहायचा धीर झाला नाही.

घरी आणलं. आईने पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. मी सुरी आणायला उठले.

"उघडू नोको."
"आई, खात्री तर करू."
"उघडलं आन् नसले त्यात, तं?"

मी सुरी परत ठेवली. खोकं आता कोनाड्यात, पांढऱ्या रुमालावर.

२५ मे
मिलिंदला फोन. टेप कसली होती? खाकी. खोकं केवढं? बुटाचं होतं. पण तसली तर निम्मी होती त्या ढिगात. आणखी काही खूण? "घाईत होतो, ताई."

मग त्याने आवाज खाली आणला.

"ताई, आईले नोको सांगू. तिथं मसनात लय लाइन व्हती. एकाच वेळी किती तरी… त्यानं नंबर वाचला आन् एक पुडकं मह्या हातात देल्लं. बाबाचंच व्हतं का, मले नाई माहीत. तिथं बी कोनं सही नाई घेतली."

मी त्याला गोळ्या वेळेवर घे म्हटलं. ज्याची खात्री तिथेच नव्हती त्याची इथे सुरीने करायची म्हणजे… जाऊ दे. आई समोर बसून खोक्याशी बोलत होती. प्रवासात त्रास झाला असेल म्हणत होती. मला तिचा राग आला, मिलिंदचा आला, आणि बाबांचाही, डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलता आलं असतं.

२६ मे, बुद्धपौर्णिमा
सकाळीच उरकलं. विहारात पाच माणसांच्या वर परवानगी नाही, तेवढीही आली नाहीत. भन्तेजी फोनवरून वंदना म्हणत होते, आवाज तुटत होता. खड्डा सुमनमावशींच्या मालकांनी खणून ठेवला होता आणि ते लांब जाऊन उभे राहिले. आईने खोकं तसंच ठेवलं, टेपसकट. पहिली माती तिने टाकली, दुसरी मी. माती टाकताना मी मनात 'बाबा' म्हटलं. म्हणता आलं. याचं मलाच नवल वाटलं.

आई घरी आली, न्हाली, आणि उशाला हात घेऊन झोपली. बाबा गेल्यापासून अशी झोपलेली नाही. घोरतेय.

फोन घरीच चार्जिंगला लावून गेले होते. आत्ता पाहिला. मिस्ड कॉल आहेत, एकामागे एक, सगळे 'कुरिअर'चे. तक्रारीचं काही असेल. नाहीतर नुसतं विचारायला केला असेल, मिळालं का म्हणून. नाहीतर त्याला आमचं खोकं कुठेतरी दुसऱ्याच ठिकाणी सापडलं…

उलटा फोन लावलेला नाही. लावावा का, कळत नाही.

परत वाजतोय. आई उठेल.