माचिसच्या डबीवरचं नाव

बाई, आज आमच्या नातीनं आपल्या टिफिनच्या डब्यावर स्वतःचं नाव लिहिलं. लाल नेलपॉलिशनं, आणि झाकणावर नाही, थेट बुडावर. कावून, तर म्हणे शाळेत झाकणं बदलतात, बूड नाही बदलत. एवढी अक्कल मले चाळीसव्या वर्षी बी नव्हती. पहिलीत आहे पोट्टी, दिवाळीच्या सुट्टीत आईसंगं बोरसीहून इकडे आली आहे, आणि शाळा उघडायच्या आधी डबा तयार पाहिजे म्हणून सकाळपासून फुंकर मारून मारून नेलपॉलिश वाळवून राहिली होती. मी तो डबा आमच्या लाइनीतल्या चार क्वार्टरात फिरवून आणला. लेक म्हणाली, आई, कालची भाजी आहे त्यात. मी म्हटलं, राहू दे, लोकांनी नाव पाहावं, भाजी कोण पाहते.

मग नातीनं मले विचारलं, आजी, तू सगळ्यात पहिले काय लिहिलं होतं? मी म्हटलं, श्री. सगळेच श्री लिहितात ना. तिले पटलं, ती खेळाले पळाली, पण मले हसू आवरेना, कारण मी खोटं बोलली होती, आणि मी सगळ्यात पहिले काय लिहिलं हे तुमच्याशिवाय कोणालेच ठाऊक नाही. तुम्ही दवाखान्याच्या लॅबमधून रिटायर होऊन नागपूरले गेल्या आणि तिकडेच वारल्या, हे आमच्या गणपती मंडळात कोणीतरी सांगितलं होतं, त्यालेही आता दहा वर्षं झाली असतील. तरी आज वाटलं की सांगावं तर तुमालेच सांगावं. म्हणून लेक आतमधे शिंगाडे उकळून राहिली आहे आणि मी इकडे नातीच्याच वहीच्या मागच्या पानांवर तुमाले लिहून राहिली. शिंगाड्यांचा वास पार अंगणात आला आहे, त्यानं तर तुमची जास्तच आठवण आली.

तुमाले आठवते काय बाई, माझी ही लेक चार वर्षांची होती तेव्हा तिचं पोट मडक्यासारखं झालं होतं? हातपाय काड्या आणि मधे मडकं. सकाळी उठली की तोंड सुजलेलं, डोळे उघडत नव्हते नीट, आणि दिवसातून पाच-सहा वेळा हगवण. सारी लाइन डॉक्टर झाली होती. कोणी म्हणे माती खाते, कोणी म्हणे मुडदूस आहे, शेजारची बंगालीण म्हणे मासोळी खिलवा. माझ्या सासूनं तीन मंगळवार मिरच्या ओवाळल्या, सारं घर खोकून राहिलं. हे स्टील प्लांटमधे, कोक ओव्हनच्या कोळशाच्या भट्टीवर होते, ड्युटीवरून आले की काळे होऊन झोपत. एक दिवस पोरगी चालता चालता बसली आणि म्हणाली, आई, माझे पाय जड झाले. तेव्हा मी कोणाले न विचारता तिले काखेत उचललं आणि दवाखान्यात आली. डॉक्टरसाहेबांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, उद्या सकाळी हिची लॅट्रिन आणा, लॅबमधे द्या.

तेव्हा तर सगळे माचिसच्या डबीतच आणत. मी नवीकोरी डबी घेतली, काड्या साऱ्या वाटीत काढून ठेवल्या, आत केळीच्या पानाचा तुकडा घातला आणि दुसऱ्या दिवशी पदराखाली लपवून तुमच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीच्या आत टेबलावर पाहते तर माचिसच माचिस. एकाच छापाच्या, ओळीनं लावलेल्या, जसं पानठेल्यावर राहतात तशा. मी आपली डबी ठेवली, माझ्या मागच्या बाईनंही ठेवली. तुम्ही रजिस्टरातून मान वर केली आणि विचारलं, नाव? मी तोंडानं सांगितलं. तुम्ही म्हणाल्या, तोंडावर नको, डबीवर पाहिजे. आता दोन डब्या बिननावाच्या, दोन्ही सारख्या, आणि तेवढ्यात कोणती माझी हे मलेच समजेना. तुम्ही चिमट्यानं दोन्ही उचलून बादलीत टाकल्या. म्हणाल्या, "किडा निघाला दुसऱ्याच्या पोटातून आणि औषध दिलं तुमच्या पोरीले, तर चालन काय?"

मले रडूच आलं. मी म्हटलं, मले लिहिता येत नाही. तुम्ही विचारलं, शाळेत गेल्याच नाही काय? मी म्हटलं, दीड वर्ष गेली, मग भाऊ झाला, त्याले पाहाले घरी बसली. तुम्ही एक कोरा कागद ओढला, पोरीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, उद्या हेच डबीवर पाहिजे, आणि तुमच्या हातचं पाहिजे. नवऱ्यानं लिहिलेलं मी ओळखते. अशी शाळा असते काय बाई कुठे? पण माझी तीच झाली.

यांच्या खिशात प्लांटमधला खडू राहे, लोखंडावर खुणा कराचा, चांगला जाड. तो घेऊन मी दुपारभर स्वयंपाकघरातल्या फरशीवर पोरीचं नाव गिरवत बसली. सासू आली, म्हणाली, "रांगोळी कायची वं ही, दाराच्या आत?" मी म्हटलं, तुमच्या नातीचं नाव आहे. तर तिनं उचललेला पाय मागे घेतला, बाई. पाण्याच्या माठाकडे जायचं होतं तिले, ती भिंतीच्या कडेकडेनं गेली, नावावर पाय दिला नाही. कुठून कुठे चालली पाहा मी, पण ही गोष्ट पुढे लागन.

दुसऱ्या दिवशी डबीवर कणकेच्या लईनं चिकटवलेला माझ्या हातचा कागद पाहून तुम्ही चष्मा वर केला. म्हणाल्या, "एक अक्षर उताणं पडलं आहे, पण पोरगी सापडली." तेच माझं पहिलं लिहिणं. आता सांगा, हे नातीले कसं सांगू? आणि मग तुम्ही मले बाजूच्या दारानं आत घेतलं आणि दुर्बिणीत डोळा लावाले सांगितलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. पिवळं, लांबुळकं, भुईमुगाच्या दाण्यासारखं, आणि त्याच्या एका टोकाले एवढंसं झाकण. मी म्हटलं, अगं बाई, यालेही डबीसारखं झाकण आहे. तुम्ही खूप हसल्या. म्हणाल्या, अंडं आहे ते, तलावात पडलं की झाकण उघडते, पिल्लू गोगलगाईच्या अंगात शिरते, तिथून निघून शिंगाड्याच्या सालीले चिपकून बसते. डोळ्याले दिसत नाही. जो कच्चा शिंगाडा दातानं सोलते, त्याच्या पोटात जाते आणि आत त्याचं बोटाएवढं चपटं पान होते. मग विचारलं, तुमच्या घरी शिंगाडा दातानं कोण सोलते?

बाई, माझ्या सासूचे दात म्हणजे आमच्या घरचा दागिना होता. माहेर तिचं भंडाऱ्याकडचं, तलावाच्या काठचं. पिकलेलं डोकं, पण बत्तीसच्या बत्तीस जागेवर, सुपारी कडकड फोडे. आश्विन-कार्तिकात कुरुदच्या तलावावरून एक बाई टोपली घेऊन येई, टिनाच्या डब्यातलं तलावाचंच पाणी शिंगाड्यांवर शिंपडत, म्हणजे ते ताजे चमकावे. ले ना दाई, अब्बड मीठ हे, म्हणे, म्हणजे घे ना बाई, लय गोड आहे. सासू टोपलीशी बसल्या बसल्याच सुरू होई. शिंग दाताखाली धरून एक कट, पलटवून दुसरा कट, आणि आतला पांढरा गर अख्खा बाहेर, कुठे ओरखडा नाही. पहिला स्वतःले, दुसरा नातीच्या तोंडात. पोरगी चिमणीच्या पिल्लासारखी तोंड वासून उभी. सासूचा नऊ दिवसांचा उपास तर यावरच निघे. माझं माहेर कोरडवाहूचं, मले ही कला कधी जमली नाही, मी तिनं सोललेलेच खात होती, आणि खरं सांगू, तिचा मोठेपणाही मले वाटे.

तुमच्या औषधानं पोरगी सुधरली. मी घरी सांगितलं की डॉक्टरांनी कच्चा शिंगाडा बंद सांगितला. सासू म्हणाली, डॉक्टर काय तलावात उतरला होता? झालं. पुढच्या कार्तिकात मी राशनच्या लाइनीत आणि इकडे आजी-नात टोपलीशी. दोन-तीन महिन्यांत पोट पुन्हा मडकं. या वेळी पोरगी पहिल्यापेक्षा जास्त खंगली, केस हातात येत. मी धीर करून सासूले म्हटलं, निदान दातानं सोलून नका देऊ. ती म्हणाली, "माझ्या तोंडात किडे आहेत म्हणते काय वं?" आणि दोन दिवस जेवली नाही. आजीच्या तोंडचं उष्टं म्हणजे आमच्यात आशीर्वाद, त्याले मी घाण म्हटलं. हे म्हणाले, तुम्ही दोघी आपसात पाहून घ्या, मले नाइट आहे. मी पुन्हा तुमच्या खिडकीशी. तुम्ही रागावल्या, पण पोरीवर नाही, माझ्यावर. म्हणाल्या, असंच चाललं तर एक दिवस ही पोरगी हाती लागणार नाही. सासूबाईंची डबी आणा, तुमचं ऐकत नाहीत तर कागदाचं ऐकतील. मी घरी जाऊन ते सांगितलं तर सासूनं कपाळाले हात लावला. "माझ्या सासऱ्यानं जन्मभर माझं तोंड नाही पाहिलं नीट, आणि तू त्या लॅबवालीले माझं हे नेऊन दाखवणार?"

आता ऐका बाई, हे मी तुमाले कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ज्या दोन डब्या आणल्या, एकीवर माझं नाव आणि एकीवर सासूचं, त्या दोन्ही माझ्याच होत्या. मी तिनं सोललेलेच शिंगाडे खाल्ले होते, म्हटलं जे तिच्या पोटात तेच माझ्या असन. तिचं नाव मले तुम्हीच लिहून दिलं होतं, लांबलचक, आणि मी ते एका अक्षराची चूक न करता लिहिलं होतं. संध्याकाळी तुम्ही चिठ्ठी दिली, दोघींच्या डबीत तेच अंडं. वर म्हणाल्या, "सासू-सुनेचं इतकं एकमत मी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं." मी खाली पाहत राहिली. तुमाले समजलं होतं काय बाई? तीस वर्षं होत आली, मले अजून समजलं नाही.

घरी यांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. आईच्या डबीत किडा निघाला, म्हणाले. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मग चुलीपाशी वाटीत ठेवलेल्या त्या दोन माचिसच्या काड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. तिनं कोणतीही डबी दिली नव्हती, हे तिच्याइतकं कोणाले ठाऊक.  तिनं एवढंच म्हटलं असतं की मी नाही दिली, तर त्या घरात माझं काय झालं असतं! पण ती म्हणाली, पोटात गुडगुड तर माझ्या बी कधीची आहे, आण ते औषध. आम्ही तिघींनी औषध घेतलं. दुसऱ्या दिवशी सासू मागच्या अंगणातून आली, हात धुतले, पाटावर बसली आणि हळूच मले म्हणाली, पानासारखा होता वं. एक नाही, पुष्कळ. मग थोड्या वेळानं म्हणाली, विळी काढ, आणि मोठं गंज ठेव चुलीवर, शिंगाडे उकळू. त्या दिवसापासून तिनं पोरीले दातानं सोललेला शिंगाडा दिला नाही. उलट लाइनीतल्या बायांनाच सांगत सुटली, उकळल्यावर गोड लागते, मिठाचं पाणी पाहिजे, जसं काही तिनंच शोधून काढलं. त्या पोरीची पोरगी आज नेलपॉलिशनं नाव लिहून राहिली, सांगा, मी चार घरं फिरणार नाही तर काय.

ही पानं फाडली तर नात रडन, म्हणून वहीतच राहू देते. तिले अजून जोडाक्षरं येत नाहीत, वर्षभर तरी भेव नाही. तुमचा पत्ता तर मले ती खिडकी सोडून कोणता ठाऊकच नव्हता.

एक राहिलं. ती चिठ्ठी सासूनं मागून घेतली होती. म्हणाली, यात मी कुठे आहे? मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्यावरून आपलं बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि म्हणाली, मले बी शिकव एवढं. मी म्हटलं, शिंगाड्याचा सीझन निपटू द्या. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. ती गेली तेव्हा ती चिठ्ठी तिच्या पेटीत घडी घातलेली निघाली. वेळ होता बाई माझ्याजवळ, खडू बी होता. पण त्या क्वार्टरात लिहिता येणारी मी एकटीच राहावी, असं मले वाटत होतं.