कूलरच्या खिडकीतलं झाड

१६ मार्च, रविवार
संध्याकाळी मंदाचा फोन. नातीला, ओवीला, सर्दी. म्हणजे येणं पुन्हा लांबलं. सुनेच्या बाळंतपणासाठी जानेवारीत अकोल्याला गेली तेव्हा "महिना-दीड महिना" म्हणाली होती.
मग नेहमीचं. "फिडल दाखवा."
फोन घेऊन झाडापाशी गेलो. नर्सरीवाल्यानं नाव फिडल लीफ फिग सांगितलं होतं, मंदा नुसतं फिडल म्हणते. वरून खालपर्यंत दाखवलं.
"धूळ किती बसली. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसा. खालून हात लावून, नाहीतर तुटन."
पुसतो म्हणालो. फोन माझ्याकडे वळवेपर्यंत ओवी रडायला लागली. बंद.

२२ मार्च, शनि.
पानं पुसली. अख्खी दुपार गेली, बरंच झालं. ताटाएवढी पानं, हाताला चामड्यासारखी लागतात. हे आणलं तेव्हा मी म्हणालो होतो, एवढ्याशा फ्लॅटमध्ये हे धूड कशाला. मुलगा, नितीन, नुकताच नोकरीला बाहेर पडला होता. मंदा म्हणाली, "घरात काहीतरी वाढताना दिसलं पाहिजे मले." मी तिच्या बोलण्याकडे तेव्हा...
भाजी केली नाही. दूध-पोळी.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. गाठी आणली होती. जेवणानंतर एकट्यानंच मोडून खाल्ली.
अकोल्याला जायचं ठरलं होतं, पण नितीनकडे सुनेचे, प्राजक्ताचे, आईवडील आले आहेत. दोनच खोल्या. "बाबा, पुढच्या आठवड्यात या नं," म्हणाला. बरं म्हणालो.
मंदानं गुढी पाहिली. मग फिडल. नवीन पान आलंय, हिरवंगार, अजून उलगडायचंय. खूश झाली. "पाय, माझ्याबिगर बी वाढून राहिलं."

६ एप्रिल, रवि.
सलीमभाई आला, दरवर्षीप्रमाणे कूलर बसवायला. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, पंप तपासला. कूलर हॉलच्या पूर्वेच्या खिडकीतच बसतो आणि फिडल त्याच खिडकीत. बाजूला नवी बिल्डिंग झाली तेव्हापासून दक्षिणेची गॅलरी अंधारी. पश्चिमेची बेडरूमची खिडकी उन्हात नुसती तापते. उजेड म्हणावा असा या एकाच खिडकीत.
मागची दोन वर्षं मंदा काय करायची ते आठवेना. विचारलं तर म्हणाली, "रोज सकाळी गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवायची मी. ऊन चढलं का खाली आणायची."
मला माहीत नव्हतं. त्या वेळी मी पेपर वाचत असायचो.
कुंडी उचलून पाहिली. माझ्यानं दाराच्या पुढे जात नाही. कंबर. हॉलच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली.

१५ एप्रिल, मंगळ.
ऊन काही विचारू नका. रस्ता दुपारी मोकळा.
एक पान गळलं. सर्वांत खालचं. खालची गळतात, म्हटलं चालायचंच.

१८ एप्रिल
आणखी दोन.

२१ एप्रिल, सोम.
वरच्या पानांवरही तपकिरी डाग. नर्सरीत जाऊन आलो. पोरगं म्हणालं, "काका, कूलरची ओली हवा अंगावर जाते का? अन् उजेड नाही भेटत असन." दोन्ही खरं. पाणी कमी करा, खिडकीपाशी ठेवा म्हणाला. खिडकीत कूलर आहे म्हटलं तर हसला.
संध्याकाळी फोनवर झाडाची चांगली बाजू दाखवली. पानं गळलेली बाजू भिंतीकडे.
"बरं दिसते," मंदा म्हणाली. "तुमी जेवले?"
हो.
"काय केलं?"
भाजी-पोळी.
"कोणती भाजी?"
आलू. खरं म्हणजे बिस्किटं.

२७ एप्रिल, रवि.
नितीननं झाडासाठीचा दिवा मागवून दिला. शेवटी त्याला सांगावं लागलं, आईला सांगू नको या अटीवर. जांभळा उजेड पडतो, सगळा हॉल जांभळा. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ रस्त्यात भेटले, विचारायला लागले, घरी काही पूजाबिजा चालू आहे का. झाडाला लावला म्हणालो. बरं बरं म्हणाले.
आज दिवसभरात एवढंच बोललो कोणाशी.

१ मे, गुरु.
दिव्यानं काही होत नाही, किंवा व्हायला वेळ लागेल. नवं पान, जे पाडव्याला आलं होतं, ते काळं पडून गळलं. खोड अर्धं उघडं. आता बाजू फिरवून भागणार नाही.
मंदानं पाहायला मागितलं. लाइट गेली म्हणून सांगितलं.

४ मे, रवि.
सलीमभाईला फोन करून बोलावलं. कूलर काढ म्हटलं.
"बिगडला का गुरुजी?"
नाही. खिडकी मोकळी पाहिजे.
तो खिडकीकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो. "मे महिना चालू हाय गुरुजी. लोकं मले कूलर लावाले बलावतात, तुमी काढाले बलावून राहिले. काहून?"
झाड दाखवलं. दिव्याचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "मॅडमचं हाय का?"
हो.
स्क्रू काढायला लागला. कूलर गॅलरीत नेऊन ठेवला. जाताना म्हणाला, "पंखा जमिनीवर ठेवून झोपा. अन् कांदा खात जा. मी मधात चक्कर मारतो."
फिडल खिडकीत. सकाळचं कोवळं ऊन पडतं, मग पडदा ओढतो. नर्सरीवाल्या पोरानं तसंच सांगितलं होतं, उजेड भरपूर पण कडक ऊन नको.

९ मे, शुक्र.
फरशीवर ओली चादर टाकून त्यावर झोपतो. चादर वाळते, परत ओली करतो. भिंतीला हात लावला तर चटका.
झाड जसंच्या तसं. गळती थांबली असावी. रोज पाहतो. पाहण्यासारखं घरात दुसरं काही नाही.
सेमाडोहच्या जंगलात शाळेतल्या मुलांची सहल नेली होती, खूप वर्षांपूर्वी. मंदा सोबत आली होती. तिथे तिनं एका झाडाखाली उभं राहून वर बघत मला काहीतरी विचारलं होतं. काय ते आठवत नाही. दोन दिवस डोक्यात तेच चालू आहे.

११ मे
डोकं जड. जेवण नको वाटतं. मंदाला आवाज वेगळा वाटला. घसा म्हणालो.

१५ मे, गुरु.
आज बसून लिहितो आहे. परवा काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. सलीमभाई चक्कर मारायला आला, दार उघडंच होतं, मी स्वयंपाकघरात खाली पडलो होतो. त्यानंच गाडीवर मागे माणूस बसवून, मला मध्ये धरून दवाखान्यात नेलं. ऊन लागलं. सलाईन. माझ्या फोनवरून त्यानंच मंदाला कळवलं.
ती रातोरात आली नाही, सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. दवाखान्याच्या दारात पिशवी धरून उभी. रडली नाही. डॉक्टरांशी बोलली, मग मला म्हणाली, "चला घरी."
घरी आल्यावर आधी खिडकी दिसली तिला. मग झाड. अर्धं उघडं खोड, वर आठ-दहा पानं.
"कूलर कुठं हाय?"
गॅलरीत.
मग पदर खोचला आणि कैऱ्या उकडायला ठेवल्या.

१६ मे, शुक्र.
सकाळपासून पन्हं, कांद्याचा रस, पातळ वरणभात. दुपारी भांडी घासता घासता एकदम सुरू झाली.
"झाडासाठी जीव द्याचा व्हता का तुमाले?"
तू येशील तेव्हा ते असावं, म्हणालो.
हात थांबले तिचे. नळ चालूच.
"मले झाडाचं एवढं पडलं हाय, असं वाटते तुमाले?"
रोज तेच विचारतेस.
"झाडाचं इचारलं का तुमी बोलता. पान आलं, पान गळलं, पाणी टाकलं. दुसरं काही इचारलं तर हो, बरं, ठीक हाय. मंग मी झाडाचंच इचारत जाते."
नळ तिनं बंद केला. मी उठून खुर्ची घेतली स्वयंपाकघरात. या घरात आल्यापासून मी तिथे कधी बसलो नसेन.
अकोल्यात काय आहे, विचारलं.
"काही नाई. प्राजक्ताशी खटके उडतात. ओवी रडते. शेजारची वाटी घेऊन येते अन् घंटाभर बसून जाते. घरात आवाज हाय."
मग येणार नाहीस तू.
"तसं नाई म्हटलं मी. पण इथं येऊन काय करू, ते तुमीच सांगा."
वर्गात पोरांना उत्तर आलं नाही की मी उभं करायचो. मी बसूनच राहिलो.

१८ मे, रवि.
मंदा गेली. स्टँडवर सोडायला जाऊ दिलं नाही, ऊन म्हणून. जायच्या आधी सलीमभाईला बोलावून घेतलं. कूलर आता बेडरूमच्या, पश्चिमेच्या खिडकीत.
"हवा गरम फेकन मॅडम. दुपारचं ऊन सीधं पडते तिथं."
"वरून सावलीले तट्टी बांध. बाजूनं गोणपाट लाव अन् ते ओलं ठेवाले सांग यांले. फेकू दे गरम. मेल्यापेक्षा बरं."
तो हसला, तीही थोडी.
दारात चपला घालताना म्हणाली, "झाड ठेवा तिथंच. रोज थोडं फिरवत जा, सगळ्या अंगाला उजेड भेटला पाहिजे." जिना उतरून गेली. वळणापाशी थांबली असं वाटलं. चपला वाजायच्या थांबल्या होत्या. मग परत वाजल्या.
तिनं डब्यात चार दिवसांचे धपाटे आणि लोणचं करून ठेवलंय.

२५ मे, रवि.
कूलर दुपारी नुसता फुंकर मारतो. तरी चालतं. गोणपाट भिजवणं हे एक काम झालं.
काल संध्याकाळी फोन आलाच नाही. आज आला. फिडलचं विचारलं नाही. मीही दाखवलं नाही. "कसे हाय?" बरा. "औषध?" घेतो. मागे टीव्ही चालू होता त्यांचा. तिनंच फोन ठेवला.
पूर्वी निदान बोलायला झाड होतं.

३ जून, मंगळ.
शेंड्याला तांबूस टोक आलंय. पान आहे की खोडच वाळतंय ते कळेना. चष्मा लावून पाहिलं, भिंग घेऊन पाहिलं. सलीमभाई गोणपाट बदलायला आला होता, त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "मले झाडातलं काई समजत नाई गुरुजी. पण वाळलेलं असं चमकत नाई."
चहा केला त्याला. बसला अर्धा तास. त्याची धाकटी मुलगी दहावीला आहे, गणितात अडते म्हणाला. पाठव म्हटलं. घरी कोणी नसतं, तर सोबत कुणाला घेऊन पाठव. आईला घेऊन येईल म्हणाला.

८ जून, रवि.
अकोल्याला जाऊन आलो. ओवी माझ्याकडे येत नाही, ओळखत नाही. प्राजक्तानं चांगलं केलं सगळं. मंदा स्वयंपाकघरात, मी बाहेर सोफ्यावर, नितीन मोबाइलवर. तिथे जाऊनही इथल्यासारखाच बसलो.
निघताना मंदा गल्लीच्या तोंडापर्यंत आली. रस्त्यात तीन बायकांनी तिला थांबवलं. एकीला तिनं माझी ओळख करून दिली, "हे आमचे." ती बाई म्हणाली, "तुमचं झाड कसं आहे आता?" सगळ्यांना सांगितलेलं दिसतं.
मी म्हणालो, आहे. आणखी काही म्हणायला हवं होतं. ऑटो आला.

९ जून
पान आहे.

११ जून, बुध.
सलीमभाईची मुलगी आणि तिची आई आल्या होत्या. आजची शिकवणी संपली. मुलगी हुशार आहे, घाई करते. गेल्यावर घर परत तसंच.
उठलो आणि मंदाला फोन लावला. आपणहून मी कधी लावतच नाही. वाट पाहतो तिच्या फोनची.
"काय झालं? तब्येत बरी हाय नं? झाडाले काही झालं का?"
काही नाही. असाच केला.
मग म्हणाली, "बोला मग."
सलीमभाईच्या मुलीचं सांगितलं. वर्गसमीकरण सोडवताना ती पेनानं ओठ कसे दाबते ते सांगितलं. वांगी आणली, किडकी निघाली. सेमाडोहच्या सहलीत झाडाखाली तू मला काहीतरी विचारलं होतंस, ते आठवतं का, हेही विचारलं.
"सेमाडोहले?" म्हणाली. मग ओवी रडली. "थांबा. ठेवू नका फोन. आलीच मी."
फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. कुकरची शिट्टी ऐकू येते आहे, प्राजक्ता काहीतरी म्हणते आहे, कुणीतरी दार वाजवतंय. मी फोन डाव्या कानाशी धरून हे लिहितो आहे. अजून आली नाही. ठेवलेला नाही मी.