आईचे गुरुवार आणि पाचवी मिती

६ नोव्हेंबर, गुरुवार
कॉलेजातून आले तर घराला कुलूप. आई तळमजल्यावर सामंतकाकांकडे. बायको गेल्यापासून ते दर गुरुवारी हॉलमध्ये सतरंजी घालून लोकांना ध्यानाला बसवतात, हे ठाऊक होतं. आई जाते हे नव्हतं.
वर आली ती खुशीत. म्हणाली, आज तुझ्याच विषयातलं होतं. पाचवी मिती. आपल्याला दिसतात त्यापलीकडेही दिशा असतात, गेलेली माणसं तिथे असतात, आपले बाबासुद्धा. विज्ञानाने मान्य केलंय म्हणे. तू कधी बोलली नाहीस.
इतकी वर्षं अंधेरीला फिजिक्स शिकवतेय. आज काय शिकवलंस, असं आईने एकदाही विचारलेलं नाही. आणि आता हे.
बाबांना जाऊन अजून वर्षही नाही झालं. बोलणार काय? भात गरम केला.

८ नोव्हेंबर, शनिवार
आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चाललाय, आणखी लांबवलंत तर ऑपरेशन अवघड होईल म्हणाले. २० तारीख दिली. आईने मोबाईल नाकाशी धरून वार बघितला. गुरुवार. नको म्हणाली. डॉक्टर तिथे ऑपरेशनं गुरुवारीच करतात. मग राहू दे, म्हणाली.
रिक्षात मी विचारलं, गुरुवारचं काय एवढं?
"गुरुवारी हे येतात."
"दिसतात तुला?"
"दिसत नाहीत. असतात."
रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून गप्प बसले. परवाच जिन्यात पायरी चुकली तिची. कठडा होता म्हणून वाचली. पण ते जाऊ दे, गुरुवार महत्त्वाचा!

१० नोव्हेंबर, सोमवार
सामंतकाकांकडे (यापुढे सा.का., पूर्ण लिहायचा उत्साह नाही) भांडायला गेले. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. मागे बासरी, पुढे फिरणारी आकाशगंगा. वैताग असा की त्यातलं अर्धं बरोबर आहे. गुरुत्वाकर्षण बाकीच्या बलांपुढे फारच दुबळं आहे, हे खरं. का, ते कोणाला माहीत नाही, हेही खरं. कदाचित आणखी मिती असतील आणि त्याचा बराचसा जोर तिकडे निघून जात असेल, अशी कल्पना काही शास्त्रज्ञांनी मांडली, तेही खरं. तिथून पुढे 'म्हणून आपले आप्त तिथे आहेत' ही जी उडी आहे, ती बासरीवाल्याची.
सा.कां.ना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. आयुष्यभर इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, ढ नाहीत. म्हणाले, "मग तूच ये ना गुरुवारी. तू सांग. मला जेवढं कळलं तेवढं मी सांगतो."
चहा केला त्यांनी. सवयीने साखर माझ्या कपात दोनदा घातली गेली, काकूंना तशी लागायची. तरी प्यायले. भांडण राहिलंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आई खाली गेली. मी गेले नाही. पेपर तपासायचे होते. तपासले नाहीत.
परत आल्यावर म्हणाली, सामंत सांगत होते तू पुढच्या वेळी बोलणारेस. मी कधी हो म्हटलं? तर आई म्हणाली, "बोल ना. तिथे कोणी जात नाही असं तू म्हणालीस तर ऐकेन मी. डोळ्याचंही बघू."
म्हणजे आता आईचा डोळा माझ्या लेक्चरवर. वा.
डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन केला. २० गेली, आता ४ डिसेंबर.

१६ नोव्हेंबर, रविवार
तयारी. बारावीला शिकवणं सोपं, परीक्षेची भीती तरी असते. इथे सगळे पेन्शनवाले.
शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोलचा दाणा बोटाला चिकटला. झटकला, पडेना. हेच वापरायचं. खालून अख्खी पृथ्वी ओढतेय आणि बोटावरची चिमूटभर वीज तिला जुमानत नाही. इतकं दुबळं आहे ते.
आई बाजूला मेथी निवडत होती. काड्याही भाजीत टाकत होती. दिसत नाही तिला. बोलले नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
वाट लागली.
दाण्याचं जमलं, सगळ्यांनी बोटं पुढे केली. मग म्हटलं, गच्चीवरची टाकी भरलेली असून नळाला करंगळीएवढी धार येत असेल, तर आपण काय समजतो? पाणी मधे कुठेतरी दुसरीकडे जातंय. तसं गुरुत्वाकर्षणाचं असेल का, असा तो प्रश्न आहे. झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, कुठेतरी कशाला, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बाथरूममध्ये जातंय. सेक्रेटरी तिथेच सतरंजीवर. पाचवी मिती राहिली बाजूला. सा.कां.नी शेवटी हात जोडले तेव्हा भांडण थांबलं.
मग आईने विचारलं. वर्गात विचारतात तसा हात वर करून. "त्या दुसऱ्या दिशेला माणूस जाऊ शकतो का?"
नाही म्हटलं. या कल्पनेतसुद्धा प्रकाश तिकडे जात नाही, आवाज जात नाही, ज्या अणूंपासून आपण बनलोय ते जात नाहीत. जातं ते फक्त गुरुत्वाकर्षण. आणि आजवर इतके प्रयोग झाले, त्या मितींचा मागमूस कुठे सापडलेला नाही.
तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "म्हणजे दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही. नुसती ओढ लागेल."
सा.का. चष्मा पुसत होते.
चुकीचं म्हणावं तर त्या कल्पनेत तसंच आहे. म्हटलं, आई, पण सापडलेलं नाही अजून. 'अजून' कशाला म्हटलं मी! पण 'नाहीच' म्हणता येत नाही ना. नसल्याचा पुरावा कुठून आणू.
वर येताना ती जिना झपझप चढली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी विचारलं, मग ४ तारखेचं नक्की करू ना? म्हणाली, बघू. मी भडकले. जे बोलायचं नव्हतं ते बोलले. "आई, बाबा नाहीत. कुठल्याच मितीत नाहीत."
तिने गॅस बंद केला. म्हणाली, "ते मला ठाऊक आहे गं. बँकेत नोकरी केलीय मी, खुळी नाही."
मग कशाला जातेस?
"तिथे यांचं नाव घेता येतं. घरात तू घेतच नाहीस. मी काढलं की विषय बदलतेस. भात गरम करतेस."
हे आधी सांगायचं ना! दोन आठवडे मी थर्मोकोल आणि टाक्या घेऊन...
पहिलं लेक्चर बुडलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
आज जेवताना बाबांबद्दल बोलायचं ठरवून बसले. त्यांना कारलं आवडायचं नाही, एवढंच सुचलं. आई म्हणाली, "आवडायचं." वाद झाला. बरा झाला. तिने तीन-चार गोष्टी सांगितल्या, दोन मला माहीतच नव्हत्या. बाबांची पुण्याला बदली झाली असती, आजोबांसाठी नाकारली म्हणे. मला कोणी सांगितलंच नाही कधी. त्याचाही राग आला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आईने डॉक्टरकडे स्वतःच फोन करून ४ तारीख पक्की केली. मला न सांगता. गुरुवार चालेल का तुला, विचारलं तर म्हणाली, सकाळचं आहे, संध्याकाळ मोकळी आहे.
डॉक्टरांनी आठ दिवस आराम सांगितलाय. चिडू की नको?

४ डिसेंबर, गुरुवार
ऑपरेशन व्यवस्थित झालं. डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलीय. दुपारी घरी आलो. संध्याकाळी आईने खाली जायचा हट्ट धरला. डॉक्टरांचं नाव सांगून अडवलं, तर सा.का.च वर आले आणि कॉटजवळ बसले. ध्यान नाही, काही नाही. मीही खुर्ची ओढून बसले. आईने बाबांचं नाव घेतलं, मी उठले नाही. कठीण गेलं.
ते गेल्यावर आईने विचारलं, "त्या दिशा शोधायला अंतर कुठवर मोजलंय म्हणे?"
साधारण केसाच्या जाडीपर्यंत, म्हटलं. तिथवर गुरुत्वाकर्षण नेहमीसारखंच वागतं.
"आणि त्याहून बारीक?"
"माहीत नाही, आई. कोणालाच नाही."
समाधानाने कूस बदलायला लागली. त्या कुशीवर झोपायचं नाही, म्हणून ओरडले.